जेलीचा पोक केक: भोकं पाडा, पण जेली गरम असतानाच ओता

केक भाजायचा, त्याला भोकं पाडायची आणि त्या भोकांत पातळ जेली ओतायची. कापल्यावर पांढऱ्या केकमध्ये लाल पट्टे दिसतात आणि मुलं ‘हे आत कसं गेलं?’ म्हणून तुकडा उलटसुलट करून बघत बसतात. पोक केक म्हणतात तो हाच. अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘जेल-ओ’ या जेलीच्या जाहिरातींमधून तो घरोघर पोचला. आता आपल्याकडेही वाढदिवसाला कोणी ना कोणी करतंच.

सोपा आहे, यात वाद नाही. तरी माझा पहिला केक पार फसला, आणि तोही कृती अक्षरशः पाळून. परदेशी कृतीत लिहिलं होतं, केक पूर्ण गार करा. मी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी भोकं पाडून जेली ओतली, तर ती आत जायच्या आधीच वर आळली. मांडवावर ताडपत्री घालावी तसा लाल थर नुसता वर पसरला होता. सुरीने एक कोपरा उचलला तर सगळा थर एकसंध निघून आला. भोकं कोरडीच! चूक कृतीचीही नव्हती आणि माझीही नव्हती. जेली वेगळी होती.

आधी पाकीट बघा

आमच्याकडे हे काम सासूबाईंकडे आहे. पाकीट हातात घेतल्यावर चष्मा वर-खाली करत त्यांनी विचारलं, “अगं, जेली म्हणजे हाडांची असते ना?”

“नाही आई, हिरवा ठिपका आहे बघा.”

“मग कशाची आहे?”

हा प्रश्न मात्र अगदी मुद्द्याचा होता. परदेशी कृतीतली जेली जिलेटिनची असते. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून काढतात. ते प्रथिन आहे. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवल्याशिवाय नीट आळत नाही आणि ३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तोंडात घातल्यावर विरघळतं. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात मात्र आगर किंवा कॅराजिनन असतं. दोन्ही समुद्री शेवाळापासून मिळतात. आगर म्हणजे आपल्या ओळखीचं चायना ग्रास. ते ३५ ते ४० अंशांनाच आळायला लागतं, म्हणजे ओट्यावर ठेवल्या ठेवल्या. आणि एकदा आळलं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय पुन्हा पातळ होत नाही.

म्हणून जिलेटिनची जेली गार केकवर सावकाश ओतली तरी झिरपत जाते, तिला घाई नसते. आपली जेली चमचा शोधेपर्यंत भांड्याच्या कडेला साय धरते. हिरव्या ठिपक्याच्या जेलीला केक कोमट हवा आणि जेली कढत हवी. बाकी सगळी कृती इकडेतिकडे झाली तरी चालेल, हे एवढं सांभाळा.

एक फायदाही आहे. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, नेमकी पाहुणे यायच्या वेळी वीज जाते, तेव्हा जिलेटिनचं पाणी होतं. चायना ग्रासची जेली ढिम्म राहते.

केक

आमच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून हा दह्याचा केक. ८ इंची चौकोनी टिनाचं प्रमाण देते. मैदा १८० ग्रॅम (मोजायच्या कपाने दीड कप), साखर १५० ग्रॅम, ताजं गोडसर दही २५० ग्रॅम, वास नसलेलं तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

दही फेटून त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घाला आणि पाच मिनिटं बाजूला ठेवा. दही फुगून येतं, वर बुडबुडे दिसतात. दिसले नाहीत तर सोडा जुना झालाय, नवा आणा, पुढे जाऊ नका. मग साखर घालून विरघळेपर्यंत फेटा, तेल आणि व्हॅनिला घाला आणि शेवटी मैदा व मीठ दोनदा चाळून घाला. मैदा पडल्यावर फेटायचं नाही, फक्त एकत्र करायचं. इथे हात चालवत बसलात तर केक चिवट होतो आणि भोकं पाडताना भुगा न पडता लगदा निघतो.

साखर पांढरीच घ्या. एरवी मी गुळाची बाजू घेते, पण इथे केक तपकिरी झाला की पट्ट्यांची मजा जाते.

टिनाला तेल लावून तळाला कागद घाला. सुटा तळ असलेला टिन नको, जेली खालून ओट्यावर येते. तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं लागतात. ओव्हन नसेल तर कुकर आहेच. शिटी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरून जाळी ठेवायची, दहा मिनिटं रिकामा तापवायचा आणि मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. कुकरमध्ये चौकोनी टिन बसत नाही, तेव्हा ७ इंची गोल डबा घ्या आणि मिश्रण त्याच्या पाऊण उंचीपर्यंतच भरा. उरलंसुरलं दोन वाट्यांत भाजा. मधोमध घातलेली काडी कोरडी निघाली की झालं.

केक टिनमधून काढू नका. पुढचं सगळं टिनमध्येच होणार आहे.

भोकं

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं थांबा. तळहात वर ठेवला तर ऊब लागावी, चटका बसू नये. कढत केकला भोक पाडलं की ते लगेच मिटतं, आणि फ्रिजमधल्या गार केकचं काय होतं ते वर सांगितलंच.

टूथपिकने भोकं पाडू नका. फार बारीक पडतात, जेली आत जात नाही. मी सासूबाईंची स्वेटर विणायची जाड सुई वापरते (धुऊन, आणि परवानगी घेऊन). चॉपस्टिक किंवा उसाच्या रसाबरोबर मिळते तशी जाडसर स्ट्रॉ चालते. साधारण पाच मिलिमीटरचं भोक हवं. दोन बोटांचं अंतर ठेवून ओळीने पाडत जा. सुई सरळ खाली, पाऊण खोलीपर्यंत, तळाला टेकवायची नाही. तळाला भोक पडलं तर जेली खाली साचते आणि केकचं बूड ओलं राहतं. काढताना सुई जरा फिरवून वर घ्या, तशीच ओढली तर वरचा पापुद्रा सोबत येतो. दर चार-पाच भोकांनंतर सुई फडक्याने पुसा. चौकोनी केकला साधारण पस्तीस-चाळीस भोकं होतात. कडेला एक बोट जागा सोडा.

जेली

बाजारात मिळणारं जेली क्रिस्टल्सचं पाकीट बहुधा ९० ग्रॅमचं असतं. या केकला निम्मं, म्हणजे ४५ ग्रॅम पुरतं. आत दोन पुड्या निघाल्या तर दोन्हींतलं निम्मं निम्मं घ्या. चमच्याने अंदाज नको, काट्यावर मोजा.

पाणी २२५ मिली. ते उकळलं की क्रिस्टल्स घालून मंद आचेवर दोनेक मिनिटं ढवळा. चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसता कामा नये. न विरघळलेला कण भोकाच्या तोंडाशी अडकला की तिथली जेली खाली जात नाही.

आता घाई करा. गॅस बंद करून भांडं केकजवळ आणा, केक भांड्याजवळ नेण्यात वेळ जातो. ओतायला माझ्याकडे सगळ्यात कामाची वस्तू निघाली ती म्हणजे मुलाचं लहानपणचं बोंडलं. चोच असलेली ती स्टीलची वाटी पंधरा वर्षं कपाटात पडून होती. तिच्या चोचीतून धार बरोब्बर भोकात पडते. वाटी तापते, फडक्याने धरा. बोंडलं नसेल तर चहाची किटली किंवा चोचीचं छोटं दुधाचं भांडं घ्या. प्रत्येक भोक काठोकाठ भरा, पुढे सरका, आणि शेवटच्या ओळीनंतर पहिल्या ओळीकडे परत या. तोवर तिथली पातळी खाली गेलेली असते, कारण केक जेली पीत असतो. दुसऱ्या फेरीत पुन्हा भरा. उरलेली चमचाभर जेली वर पसरली तरी बिघडत नाही.

मध्येच भांड्यातली जेली घट्ट व्हायला लागली तर घाबरू नका. चमचाभर पाणी घालून पुन्हा गॅसवर ठेवा, उकळी आली की पहिल्यासारखी पातळ होते. शाकाहारी जेलीचा हा मोठाच उपकार आहे. जिलेटिनची असेल तर मात्र उकळू नका, भांडं गरम पाण्यात धरा, तेवढं पुरतं.

चवींबद्दल माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रॉबेरी किंवा रासबेरी घ्या. अननसाची जेली चवीला उत्तम, पण पांढरट केकमध्ये फिके पिवळे पट्टे दिसतात कुणाला? आंब्याचंही तेच.

केक अर्धा तास बाहेर ठेवा, मग फ्रिजमध्ये दोन तास. जिलेटिनवाल्यांनी चार तास ठेवावा.

वर काय लावायचं

मूळ केकवर फेटलेलं क्रीम असतं. केकच्या सामानाच्या दुकानात गोठवलेलं व्हिपिंग क्रीम मिळतं. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून वितळू द्यायचं, गार भांड्यात फेटायचं, संपलं.

पण खरं सांगू का, मला त्या क्रीमची चव टाळूला चिकटल्यासारखी लागते. पुण्यात कोपऱ्यावरच्या डेअरीत चक्का मिळत असताना हा खटाटोप का करायचा? २५० ग्रॅम चक्क्यात ६० ते ७० ग्रॅम पिठीसाखर घाला आणि पुरणयंत्रातून काढा. श्रीखंडाइतकी साखर नको, जेली आधीच गोड आहे. चक्का घट्ट असेल तर दुधाचा एक चमचा घाला. उलथन्याने पसरेल इतपत सैल झाला की केकवर लावा. आंबटसर चक्का, गोड जेली आणि साधा केक हे तिन्ही एकत्र फार छान जमतं. पहिल्यांदा लावला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हे तर श्रीखंडच झालं गं,” आणि दुसरा तुकडा घेतला.

वर फळं लावायची असतील तर वाढायच्या आधी पाचच मिनिटं लावा. डिसेंबर ते फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईत भरपूर असते, पण चिरली की पाणी सोडते आणि चक्क्यावर गुलाबी ओघळ येतात. कच्चा अननस, किवी आणि पपई यांच्या वाट्याला जाऊ नका. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. त्यामुळे जिलेटिनची जेली आळतच नाही. शेवाळाच्या जेलीला ती काही करत नाहीत, पण चक्क्याला लागली की तासाभरात तो कडू होतो. मी कडू केलेला आहे, शंका नको. अननस हवाच असेल तर साखरेत शिजवून, गार करून घाला.

पाकीट नको असेल तर

पाकिटातला रंग खुपत असेल त्यांच्यासाठी. २०० ग्रॅम स्ट्रॉबेरी मिक्सरमधून काढून गाळा, त्यातला १०० मिली रस घ्या. दुसऱ्या भांड्यात १५० मिली पाण्यात २ ग्रॅम आगर पावडर आणि ४० ग्रॅम साखर घालून तीन मिनिटं उकळा. गॅस बंद करा, मग रस घाला. रस आगरबरोबर उकळलात तर आंबटपणामुळे आळण्याची ताकद कमी होते. रस फ्रिजमधला असेल तर आधी कोमट करून घ्या, नाहीतर मिसळतानाच गुठळ्या होतील. रंग पाकिटाइतका भडक येत नाही, चव मात्र फळाची येते.

कापताना

सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा तेच करा. काप भोकांच्या ओळीवरून गेला पाहिजे, दोन ओळींच्या मधून गेला तर सगळी मेहनत तुकड्याच्या पोटात लपते. म्हणून चक्का लावायच्या आधी टिनाच्या कडेला ओळींच्या जागी पेन्सिलने खुणा करून ठेवते.

फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका, जेली पाणी सोडते आणि केक ओल्या फडक्यासारखा होतो. स्कूटरवरून न्यायचा असेल तर टिनासकट, पायाशी ठेवून न्या आणि कापायचा तो तिथे गेल्यावरच.

आणि ते उरलेलं निम्मं पाकीट. पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं पाणी घेऊन त्याची जेली वाट्यांत सकाळीच लावून ठेवा. केक फ्रिजमध्ये असतो त्या दोन तासांत मुलं दर पाच मिनिटांनी फ्रिजचं दार उघडतात, तेव्हा हातात द्यायला काहीतरी लागतं.