केमो-रेडिएशन चालू असताना तोंडातली बुरशी: कशी ओळखावी, कशी आवरावी

कॅन्डिडा ही बुरशी कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडातही असते. लाळ तिला सतत धुऊन काढते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आवरून धरतात, म्हणून ती गप्प राहते. तेव्हा तोंडाच्या स्वॅबच्या (कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्याच्या) रिपोर्टात 'कॅन्डिडा आढळला' एवढंच लिहिलेलं असेल, तोंडात काही दिसत नसेल आणि त्रासही नसेल, तर तो आजार नव्हे. त्या कागदावरून गोळ्या घेऊ नका. फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी उगाच घेतली, तर तिला न जुमानणाऱ्या कॅन्डिडाच्या जाती, जसं क्रुसेई आणि कधी कधी ग्लाब्राटा, मागे उरतात.

आधी धोका मोजा. डोक्या-मानेचं रेडिएशन सर्वांत वर, कारण लाळेच्या ग्रंथी भाजतात आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच तोंड कोरडं पडू लागतं. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरणं, डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडं, लांबलेली अँटिबायोटिकं, मधुमेह, कवळी आणि तंबाखू, यांतली दोन-तीन एकत्र आली की तोंड रोज बघायलाच हवं.

बघायचं सकाळी, चहाच्या आधी. पेज किंवा दूध घेतल्यावर जिभेवर राहिलेला थर हुबेहूब बुरशीसारखा दिसतो आणि घरचे घाबरतात. खिडकीशी बसवा, मोबाईलचा टॉर्च लावा, कवळी काढा. जीभ, जिभेखालचा भाग, दोन्ही गालांची आतली बाजू, टाळू आणि ओठांचे कोपरे, या क्रमाने बघा. दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके ओल्या गॉझने हलकेच पुसले असता निघाले आणि खाली लाल, हुळहुळी जागा दिसली, तर बहुधा बुरशीच. जोर लावू नका. प्लेटलेट कमी असतील तर रक्त थांबत नाही. न निघणारा पांढरा चट्टा वेगळ्या कारणाचा असू शकतो. रेडिएशनच्या जखमांवरही पांढरट पापुद्रा येतो, तो खरवडायचा नाही. हे दोन्ही प्रकार डॉक्टरांना दाखवा.

हमखास सुटतो तो लाल प्रकार. पांढरं काहीच नसतं. जीभ गुळगुळीत आणि लालभडक होते, हुमणाचा (माशांच्या तिखट कालवणाचा) पहिला घास लागताच आग होते. घरात सगळे तिखटाला दोष देतात आणि आठवडा जातो. कवळीखालचा टाळू लाल असणं, ओठांचे कोपरे चिरणं, हीही त्याचीच भावंडं.

गुळण्यांचं पाणी असं करा: उकळून कोमट केलेलं एक पेला पाणी, साधारण २५० मिली, त्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. चमचा चहाचा. मिठागरातलं जाडं मीठ असेल तर आधी कुटून घ्या, नाहीतर माप चुकतं आणि न विरघळलेला खडा सोललेल्या तोंडाला झोंबतो. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपण्याआधी अर्धा मिनिट खळखळवून थुंका. पाणी रोज ताजं करा. याने बुरशी मरत नाही. तोंड स्वच्छ आणि ओलं राहतं, आणि काम तेवढंच आहे. 'जंतू मरतात' म्हणून फेणीच्या गुळण्या सांगणारे गावोगावी भेटतात. मद्याने तोंड आणखी कोरडं पडतं. अल्कोहोलचे माउथवॉशही नकोत.

ब्रश मऊ घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे तो रात्रभरात वाळत नाही, म्हणून टोपण न लावता हवेशीर जागी उभा ठेवा, आणि संसर्ग बरा झाल्यावर बदला. कवळी रात्री काढून साबणाने घासा आणि स्वच्छ पाण्यात ठेवा. तोंडाला औषध आणि कवळी तशीच, असं केलं की बुरशी कवळीवरून परत येते.

औषध डॉक्टरच ठरवतील. चुका होतात त्या घेताना. निस्टॅटिन, म्हणजे बुरशीवरचे तोंडात घ्यायचे थेंब, कवळी काढून, खाऊन झाल्यावर, तोंडात जमेल तितका वेळ फिरवायचं. पुढे अर्धा तास पाणीही नको. लगेच गिळलं तर फुकट. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक माउथवॉशने निस्टॅटिन निकामी होतं, दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा. चट्टे दिसेनासे झाले तरी ठरलेले दिवस पुरे करा. फ्लुकोनाझोल लिहून देताना रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, उलटीवरचं ऑनडान्सेट्रॉन, मधुमेहाच्या गोळ्या, सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवा. वॉर्फरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ऑनडान्सेट्रॉनबरोबर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

घास गिळताना छातीमागे दुखलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असते. तिथे थेंब पुरत नाहीत, तपासून गोळ्या लागतात. केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा वर गेला तर मात्र तोंड बघत बसू नका. सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता, रात्र असली तरी, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि 'केमो चालू आहे' हे दारातच सांगा.