प्रागमध्ये तीन दिवस: नदी आणि चढण पाहून केलेली आखणी

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग ही तीन दिवसांच्या सहलीसाठी मोठी सोयीची आहे. १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेला तिचा जुना भाग पायी फिरण्याइतका आटोपशीर आहे आणि पायांना जे झेपत नाही ते अंतर ट्राम भरून काढते. मात्र सगळे हाकेच्या अंतरावर आहे असे वाटते, म्हणूनच येथे आखणी फसते. ठिकाणांची यादी वाढत जाते, सकाळी किल्ला, दुपारी जुना चौक, सायंकाळी पुन्हा पलीकडचे उद्यान असे चालू राहते आणि एकच पूल गर्दीतून चार-चार वेळा ओलांडण्यात दिवस संपतो.

म्हणून यादी करण्याआधी नकाशा उघडावा आणि त्यावर व्ल्तावा नदी शोधावी. शहराच्या मध्यातून नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. तिच्या डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावर टेकडी आहे; टेकडीच्या माथ्यावर किल्ला आणि पायथ्याशी माला स्ट्राना ही वस्ती. उजव्या काठावर सपाटीला जुने शहर, योसेफोव हा ज्यूंचा मोहल्ला आणि सम्राट चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये वसवलेले ‘नवे’ शहर आहे. एका दिवशी एकच काठ घ्यावा आणि टेकडी नेहमी वरून खाली उतरत पाहावी, एवढे पथ्य पाळले तर बाकीची आखणी आपोआप बसत जाते.

तारखा ठरवताना ऋतूइतकाच वारही महत्त्वाचा आहे. योसेफोवमधील ज्यू संग्रहालयाच्या वास्तू शनिवारी बंद असतात, राष्ट्रीय कलादालनाची दालने सोमवारी बंद असतात आणि किल्ल्यातील कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी राखून ठेवलेले असल्याने पर्यटकांना दुपारनंतरच आत जाता येते. हे तीन वार डोळ्यांसमोर ठेवूनच विमानाचे तिकीट काढावे. तिकीट काढल्यावर हे लक्षात आले तर उपयोग नसतो. ऋतूंपैकी मे आणि सप्टेंबरअखेरचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये आणि नाताळच्या बाजारांमुळे डिसेंबरमध्ये गर्दी दाटते. उजेडातील फरकही हिशोबात धरावा: जूनअखेरीस पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरअखेरीस दुपारी चारलाच अंधारू लागते. हिवाळ्यातील तीन दिवस म्हणजे उन्हाळ्यातील जेमतेम दीड दिवस होय.

भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. सोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमाही लागतो. गर्दीच्या हंगामात भेटीची वेळ मिळणे अवघड असते, म्हणून हे काम अगदी शेवटच्या मुदतीवर ठेवू नये.

मुक्काम जुन्या चौकाला लागूनच असावा, असा मोह होतो. तो टाळावा. तेथे रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो आणि फरसबंदीच्या दगडांवरून चाकांची बॅग ओढत नेणे हे एक कष्टाचे काम आहे. व्हिनोह्राडीसारख्या निवासी भागात, मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांच्या आत खोली घेतली तर झोपही लागते आणि मध्यभागी पोचायला दहा-पंधरा मिनिटेच लागतात. याच भागातील नामेस्ती मीरू स्थानकाचा सरकता जिना ८७ मीटर लांब आहे. त्यावर उजवीकडे उभे राहावे, डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवावी.

विमानतळावरून शहरात येण्यासाठी ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन स्थानकापर्यंत जाते आणि तेथून हिरवी ‘ए’ मेट्रो थेट जुन्या शहराखाली आणून सोडते. मेट्रो, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालते. तीन दिवसांच्या मुक्कामाला ७२ तासांचे तिकीट सर्वांत निर्धास्त. मात्र तिकीट विकत घेणे वेगळे आणि ते चालू करणे वेगळे. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाच्या वेळी पिवळ्या पेटीच्या फटीत सरकवावे लागते. खट् असा आवाज होऊन त्यावर तारीख आणि वेळ उमटते आणि त्या क्षणापासून ७२ तास मोजले जातात. मेट्रोच्या दारात अडवणारे फाटक नसते, त्यामुळे नवखा प्रवासी पेटीकडे न बघताच सरळ आत जातो आणि पुढे साध्या वेशातील तपासनीसाने अडवल्यावर कोरे तिकीट असूनही त्याला दंड भरावा लागतो. अॅपवर काढलेले तिकीटही गाडीत चढण्यापूर्वी चालू करायचे असते.

येथील चलन युरो नसून चेक कोरुना आहे. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, त्यामुळे थोडीच रोकड पुरते. यंत्रातून पैसे काढताना ‘तुमच्या चलनात रक्कम कापू का’ असा प्रश्न पडद्यावर आला की नकार द्यावा, कारण तो दर जवळजवळ नेहमी तोट्याचा असतो. पैसे बदलण्याच्या दुकानावर शून्य कमिशनची मोठी पाटी असली तरी खरी मेख दरात असते. म्हणून हातात नेमके किती कोरुना पडतील, हे नोटा देण्यापूर्वी विचारावे. फसल्याचे नंतर लक्षात आले तरी घाबरू नये. २०१९ पासून चेक कायद्यानुसार १,००० युरोंपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत विनाशुल्क रद्द करता येतो. त्यासाठी पावती जपून ठेवावी.

पहिला पूर्ण दिवस डाव्या काठाला द्यावा. पायथ्यापासून किल्ल्यापर्यंत पायऱ्या चढत जाण्याऐवजी २२ क्रमांकाच्या ट्रामने पोहोर्झेलेत्स या थांब्यापर्यंत जावे. तेथे आपण किल्ल्याच्याही वर असतो. शेजारीच स्ट्राहोव मठ असून त्याच्या खालच्या कठड्यावरून लाल कौलांचे शहर पहिल्यांदा नीट दिसते. मग उतारानेच किल्ल्याच्या दाराशी यावे. किल्ल्याची अंगणे सकाळी सहापासून खुली असतात आणि त्यांना तिकीट नाही. आतील वास्तू नऊला उघडतात. सुरक्षा तपासणीची रांग दहानंतर लांबत जाते, म्हणून नऊच्या आत अंगणात असणे हेच बरे.

किल्ल्यात सेंट व्हीटस कॅथीड्रलला सर्वाधिक वेळ द्यावा. त्याची पायाभरणी १३४४ मध्ये झाली. पहिला वास्तुकार अरासचा मातियास वारल्यावर तरुण पेटर पार्लरने काम हाती घेतले, पुढे हुसपंथीयांच्या, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या युद्धांत बांधकाम थांबले आणि इमारत शतकानुशतके अर्धवट राहिली. ती पूर्ण झाली १९२९ मध्ये. त्यामुळे प्रवेश करताना समोर दिसणारा दोन मनोऱ्यांचा भाग बराच अलीकडचा आहे आणि आत जितके पुढे जावे तितके आपण मागच्या काळात जातो. डाव्या बाजूला चित्रकार आल्फोन्स मुखाने रेखाटलेली रंगीत काचेची खिडकी आहे, तर वेदीकडचा भाग पार्लरचा. हा फरक मनात ठेवून सावकाश चालावे, इमारत स्वतःच आपला इतिहास सांगते. जुन्या राजवाड्यातील व्लादिस्लाव सभागृहही चुकवू नये. तेथे घोड्यांवरून झुंजी होत असत आणि घोडे वर आणण्यासाठी केलेला रुंद, उतरता जिना आजही आहे. याच राजवाड्याच्या खिडकीतून १६१८ मध्ये सम्राटाच्या प्रतिनिधींना खाली फेकले गेले आणि युरोपातील तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. ‘गोल्डन लेन’ या गल्लीतील २२ क्रमांकाच्या इवल्याशा घरात फ्रान्झ काफ्का काही काळ लेखन करीत असे, पण गल्ली अरुंद आणि गर्दी फार. वेळ कमी असेल तर ती सोडावी. दुपारी उतरत माला स्ट्रानात यावे आणि संध्याकाळ नदीकाठच्या काम्पा बेटावर काढावी. तेथून जुन्या शहराकडे नेणारा चार्ल्स पूल मात्र त्या दिवशी ओलांडू नये.

पूल दुसऱ्या दिवसाच्या पहाटेसाठी राखून ठेवावा. मी स्वतः तो भर दुपारी आणि सूर्योदयाला, असा दोन्ही वेळी पाहिला आहे आणि ते दोन वेगळे पूल वाटावेत इतका फरक आहे. आधीचा दगडी पूल १३४२ च्या पुरात मोडल्यावर चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये या पुलाचा पाया घातला. लांबी ५१६ मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस मूर्ती व मूर्तिसमूह. त्यांतील सर्वांत जुनी, १६८३ ची मूर्ती सेंट जॉन ऑफ नेपोमुक या धर्मगुरूची. राजाज्ञेवरून १३९३ मध्ये त्याला नदीत बुडवले गेले. मूर्तीखालच्या ब्राँझच्या पट्ट्या काळवंडल्या आहेत, पण लोकांच्या हातांनी जेथे स्पर्श होतो तेवढाच भाग पितळेसारखा लखलखतो. दहानंतर त्या पट्टीपुढे रांग असते. पहाटे धुके विरत असताना तेथे हवे तितका वेळ उभे राहता येते.

पूल उतरून जुन्या चौकातील खगोलीय घड्याळाकडे जावे. १४१० पासूनचे हे घड्याळ सकाळी नऊ ते रात्री अकरा या वेळात दर तासाला खेळ दाखवते: सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांच्या, म्हणजे शिष्यांच्या, मूर्ती सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. माझे मत असे, की खेळ एकदा पाहावा, पण घड्याळ पाहायला ठोक्यानंतर दहा मिनिटांनी जावे. तोवर गर्दी पांगलेली असते आणि तबकडी निवांत वाचता येते. तिच्या सर्वांत बाहेरच्या कड्यावर सोनेरी अंकांत जुनी बोहेमियन, म्हणजे चेक, कालगणना आहे. त्यात दिवसाचे चोवीस तास सूर्यास्तापासून मोजले जात.

तेथून योसेफोव चालत दहा मिनिटांवर आहे. पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतील सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. शेजारच्या दफनभूमीत १७८७ पर्यंत दफने होत राहिली. जागा अपुरी पडल्याने थरांवर थर चढले आणि दगड एकमेकांना टेकून उभे राहिले. यानंतर त्या दिवशी दुसरे संग्रहालय ठेवू नये. मन तेथेच राहते.

जेवण दुपारी पोटभर घ्यावे. कामाच्या दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान बहुतेक खानावळींत ‘पोलेद्नी मेनू’ असतो; सूप आणि एक मुख्य पदार्थ रात्रीपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतो. शाकाहारी माणसाला तळलेले चीज, म्हणजे ‘स्मझेनी सीर’, जवळपास सगळीकडे मिळते, पण सूप मांसाच्या रसात केलेले नाही ना, हे विचारून घ्यावे.

तिसरा दिवस मुद्दाम सैल ठेवावा. सकाळी लाल ‘सी’ मेट्रोने विशेह्राड या जुन्या किल्ल्यावर जावे. ड्वोर्झाक आणि स्मेताना हे संगीतकार तेथील दफनभूमीत आहेत आणि तटावरून नदीचे वळण दिसते. तेथून काठाकाठाने राष्ट्रीय नाट्यगृहापर्यंत चालत येता येते. संध्याकाळसाठी इस्टेट्स थिएटरचे तिकीट आधीच काढून ठेवावे. मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’चा पहिला प्रयोग त्याच्याच संचलनाखाली २९ ऑक्टोबर १७८७ रोजी येथे झाला. कुत्ना होरासारख्या गावाची दिवसभराची सहल तीन दिवसांत बसवू नये. त्यासाठी चौथा दिवस हवा.

निघण्याच्या आदल्या रात्री तिकिटावर उमटलेली वेळ पाहावी. ७२ तास विमानतळावर पोचण्याआधीच संपत असतील, तर खिशात उरलेल्या नाण्यांतून ९० मिनिटांचे एक तिकीट काढून ठेवावे. परदेशात नाणी बदलून मिळत नाहीत.