ढोल ऐकवायचाय? आधी तो कुणाचा ते सांगा

वर्णभेदाविरुद्ध संगीताचा कार्यक्रम करायचा म्हटलं की बहुतेक जण 'आफ्रिकन म्युझिक नाइट' असं मोघम नाव देतात, दहा देशांची गाणी एका प्लेलिस्टमध्ये कोंबतात आणि लोक तासभर नाचून घरी जातात, पण कुणाचं काय ऐकलं ते एकालाही सांगता येत नाही. मीपण एकदा हेच करून बसलोय. तेव्हा एकच परंपरा धरा आणि तिच्यातच खोल जा.

उदाहरणार्थ उरुग्वेचं कांदोम्बे. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांनी माँटेव्हिडिओत जपलेलं हे वादन. ढोल तीन, चिको, रेपिके आणि पियानो (हा पियानो म्हणजे सगळ्यात जाड आवाजाचा ढोल बरं का, पेटीसारखा नाही). एका हातात काठी, दुसरा हात उघडा. चिको एकच छोटा बोल न थांबता धरून ठेवतो, रेपिके मधेमधे खोड्या काढतो आणि पियानो खालून पाया देतो. तिन्ही आधी वेगवेगळे ऐकवा, मग एकत्र, लोकांचे कान लगेच उघडतात. रस्त्यावर निघायच्या आधी ढोल शेकोटीजवळ शेकतात, ऊब लागली की कातडं ताणतं आणि आवाज चढतो, हेही सांगा.

मग गोष्ट सांगा, ती अजिबात गाळू नका. माँटेव्हिडिओत मेदियोमुंदो नावाची चाळ होती, कांदोम्बेचं मोठं ठाणं. ३ डिसेंबर १९७८ ला तिथे शेवटचे ढोल वाजले, मग लष्करी राजवटीने माणसं हलवून चाळ पाडली. २००६ च्या कायद्याने तोच दिवस कांदोम्बेचा राष्ट्रीय दिवस झाला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. म्हणून शक्य असेल तर कार्यक्रम ३ डिसेंबरलाच ठेवा.

चेहरा काळा रंगवणं, 'जंगली' ड्रेसकोड वगैरे साफ नको. १९व्या शतकात तिथल्या कार्निव्हलमध्ये गोऱ्या पोरांनी तोंडं काळी करून पथकं काढली होती, त्यांना लुबोलो म्हणायचे, विषय निघाला तर हेही झाकू नका.

त्या समाजातला कलाकार बोलवलात तर मानधन आधी ठरवा, 'एक्सपोजर मिळेल' हे वाक्य तोंडातून काढू नका. आणि माइक त्याला वाजवायच्या आधी द्या, नंतर दिलात की निम्मे लोक उठून गेलेले असतात. शेवटी चर्चेत गुळगुळीत प्रश्न नकोत, सरळ विचारा की बाबांनो, ढोल आवडला, पण हाच माणूस भाड्याने घर मागायला आला तर द्याल का? थोडा वेळ कुणी बोलणार नाही, बोलू नका तुम्हीपण.

ढोल मिळालेच नाहीत तरी अडत नाही. कांदोम्बेत काठीने ढोलाच्या लाकडी अंगावर ठोका देतात, त्याला मादेरा म्हणतात, तेवढा लाकडी टेबलावरही शिकवता येतो.