ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

"भूजलाचं गणित सामान्य शेतकऱ्याला कळत नाही, पिकांचं तज्ज्ञांनी ठरवावं" हे म्हणणं वरवर पटतं. पण मोजमाप गावाने स्वतः केलं, तर हे गणित शाळेतल्या गुणाकाराएवढंच उरतं. शिवाय बाहेरून आलेलं पीकनियोजन रात्री मोटार सुरू करणारा माणूस पाळत नाही. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने वर्षानुवर्षं ताळेबंद, म्हणजे मुरलेल्या आणि वापरायच्या पाण्याचा हिशेब, मांडून पिकं ठरवली, ती गावाने स्वतः मोजलं म्हणूनच टिकली.

तयारी जूनच्या आधी लागते. पर्जन्यमापक मोकळ्या जागी बसवा. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर आकडा कमी येतो. रोज सकाळी साडेआठला आदल्या चोवीस तासांचा पाऊस वहीत लिहा. महसूल मंडळाच्या आकड्यावर विसंबू नका, कारण एकाच मंडळात एका शिवारात पाऊस झोडपतो आणि शेजारचं कोरडं राहतं.

पाच-सहा विहिरी निवडा: माथ्यावरची, मधली, ओढ्याकाठची. मेअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला टेपने पाणीपातळी मोजा. मोटार आदल्या रात्रीपासून बंद हवी आणि कठड्याची उंची वजा करायला हवी. या दोन चुका सगळ्यात जास्त होतात आणि पातळी मीटरभराने फसवते.

आता जमेची बाजू. एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर. शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी असेल, तर पडलं ५०० कोटी लिटर. एवढा आकडा ऐकून सभा खूश होते, पण यातलं बहुतेक वाहून जातं, उडून जातं किंवा पिकं पितात. भूजल अंदाजाच्या १९९७ च्या केंद्रीय पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी (काळ्या पाषाणासाठी) पाऊस मुरण्याचं प्रमाण ७ टक्के धरलं आहे, सच्छिद्र आणि भेगाळ बेसॉल्टसाठी १३. सात टक्क्यांनी हाती आले ३५ कोटी.

विहिरींवरून पडताळा घ्या. पातळी सरासरी २ मीटर चढली आणि खडकाची पाणी देण्याची क्षमता त्याच्या घनफळाच्या २ टक्के धरली, तर १,००० हेक्टरवर ४० कोटी लिटर येतात. दोन आकडे जुळत नसतील तर लहान धरा, पण सभेत दोन्ही सांगा. एकच आकडा छातीठोकपणे सांगितला आणि तो फेब्रुवारीत चुकला, तर पुढच्या वर्षी कुणी ऐकणार नाही. पाझर तलावातून विहिरीत आलेलं पाणी दोनदा मोजलं जात नाही ना, हेही बघा.

खर्चात पहिलं पिण्याचं. माणशी ५५ लिटरने २,००० लोकांना वर्षाला ४ कोटी. ८०० मोठ्या जनावरांना ५० लिटरने दीड कोटी. ३५ कोटींतलं ओढ्यात झिरपून जाणारं दहा टक्के वगळा. शेतीला उरले साधारण २६ कोटी.

पिकांचा हिशेब हेक्टरी ठेवा. लोक एकरात आणि गुंठ्यात सांगतील, तेव्हा अडीच एकराचा हेक्टर करून घ्या. हरभऱ्याला हेक्टरी ३० लाख लिटर, कांद्याला ५० लाख, आणि उसाला पावसाचा वाटा वजा करूनही दीड कोटी धरा. म्हणजे त्याच २६ कोटींत ८६ हेक्टर हरभरा, किंवा ५२ हेक्टर कांदा, किंवा १७ हेक्टर ऊस. मोकाट पाणी दिलं तर क्षेत्र याहून घटतं. हा एवढा तक्ता चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

सभेची नोटीस सात दिवस आधी काढा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या. त्याआधीची महिलांची सभा उरकून टाकू नका. मार्चनंतर हंडा कुणाला वाहावा लागतो हे तिथेच बोललं जातं. भूमिहीनांना मुद्दाम बोलवा, नाहीतर विहीरवाल्यांचाच निर्णय गावाचा म्हणून नोंदला जातो.

सभेत प्रश्न वेगळे करा. सात टक्के मुरतं की तेरा, यावर हात वर करायला लावू नका. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला बोलवा. पण उरलेल्या २६ कोटींत कुणाचं पीक आधी, उसाला मुभा किती, नवी बोअर घ्यायची का, हे त्या भूवैज्ञानिकाला विचारू नका. हा वाटणीचा प्रश्न आहे, तो गावाचाच. "माझ्या बोअरला पाणी आहे, तुमचं गणित चूक" असं कुणी म्हणेल. त्याला हिणवू नका. खोल बोअर आजूबाजूच्या विहिरींचंच पाणी ओढू शकते, हे सांगण्यापेक्षा त्याची मोटार आठ तास चालवून शेजारच्या विहिरीत सर्वांसमोर टेप सोडा.

ठराव लिहिताना "पाणी जपून वापरावे" असलं मोघम वाक्य टाळा. पीक, हेक्टर आणि तारीख लिहा. मार्चअखेर त्याच विहिरी पुन्हा मोजा. पातळी अंदाजापेक्षा खाली गेली असेल, तर आधी न नोंदलेल्या मोटारी आणि क्षेत्र शोधा. तेही बरोबर निघालं, तर पुढच्या वर्षी ७ ऐवजी ६ टक्के धरा आणि बदलाचं कारण त्याच वहीत नोंदवा.