तोंड बघून काम द्या: शोभेच्या जुन्या बाटल्या घरात कशा वापराव्यात

शोभेची बाटली टाकवत नाही, आणि ठेवली तर तिचं करायचं काय ते सुचत नाही. आपण भाळतो तिच्या रंगावर नाहीतर नक्षीवर. पण पुढे ती कोणत्या कामाला येईल, हे तिचं तोंड ठरवतं. आत दोन बोटं जात असतील तर ती पुन्हा पुन्हा घासता येते, म्हणजे रोजच्या कामाची. जेमतेम पेन्सिल जात असेल तर तिला असं काम द्या, ज्यात आतून सारखं धुवावं लागणार नाही.

१. पारख

बाटली उजेडात धरून फिरवा. केसासारखी चीर दिसली की मोह सोडा. पाण्याच्या वजनाने ती कधी दगा देईल सांगता येत नाही. तोंडाची कड फडक्याने पुसून बघा. धागा अडकला तर तिथे टवका उडालेला आहे.

बाटली आकाराच्या मानाने फार जड, झगमगीत आणि कापीव नक्षीची असेल, तर ती शिसं असलेल्या क्रिस्टलची असू शकते. अशा काचेत 24 टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असतं. त्यात आंबट पदार्थ किंवा मद्य साठवून ठेवलं, तर शिसं हळूहळू त्यात उतरतं. जुन्या रंगीत चित्रकामातही शिसं असू शकतं. म्हणून माझा नियम साधा आहे: जिचा इतिहास माहीत नाही, तिच्यात खायचं-प्यायचं काही ठेवायचं नाही.

२. लेबल काढणं

कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून बाटली तासभर बुडवून ठेवा. कागद आपोआप सुटतो, चिकटा मात्र राहतो. त्यावर तेल आणि सोड्याचा लगदा चोळा, दहा मिनिटांनी पुसून साबणाने धुवा. ब्लेडने खरवडू नका. बाहेरून रंगवलेली किंवा सोनेरी कडेची बाटली बुडवायचीच नाही, ओल्या फडक्याने पुसायची. हे मी एका सुंदर निळ्या बाटलीची अर्धी नक्षी पाण्यात सोडून शिकले.

३. आतली सफाई

दोन चमचे कोरडे तांदूळ, थोडं कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घाला. तोंड दाबून धरा आणि गोल गोल हलवा. जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे तांदूळ पोहोचतात. वाळू वापरू नका, काचेवर ओरखडे उठतात. पांढरा थर क्षारांचा असेल तर व्हिनेगर भरून रात्रभर ठेवल्यावर तो निघतो. तरीही धूसरपणा गेला नाही, तर काचच झिजलेली आहे. तिच्याशी झटापट करू नका. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालून बूच मात्र कधीही लावू नका. आत वायू तयार होतो आणि बूच उडतं. शिवाय दोन्ही एकमेकांचा जोर मारतात, त्यामुळे सफाईही धड होत नाही.

थंड काचेत उकळतं पाणी ओतलं तर ती तडकते.

४. वाळवणं

इथेच सगळ्यांची घाई होते. बाटली रात्रभर उपडी ठेवा, मग सरळ करा, नाहीतर दमट हवा आतच कोंडून राहते. निमुळत्या गळ्यात सुती कापडाची लांब वळकटी बुडापर्यंत सोडा आणि टोक बाहेर ठेवा. वात जशी तेल ओढते, तशी ती ओल ओढून घेते.

५. काम देणं

रुंद तोंडाच्या बाटलीत कापूस, बटणं किंवा भांडी घासायचे लाकडी ब्रश ठेवा. तोटीचं झाकण नीट बसत असेल तर भांड्यांचा पातळ साबण भरा. बेसिनपाशी प्लास्टिकच्या डब्यापेक्षा हे कितीतरी बरं दिसतं. जाड, ठेंगण्या बाटलीत कोरडी वाळू भरून बूच घट्ट लावलं की दाराला अडसर झाला. बॅटरीवर चालणारी बारीक दिव्यांची माळ निमुळत्या बाटलीतही जाते, पण बॅटरीचा डबा बाहेर राहील असं बघा.

माझं आवडतं काम मात्र मनीप्लँट. फांदी पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली कापा. मुळं पेरातूनच फुटतात, म्हणून निदान एक पेर पाण्यात हवं आणि पानं पाण्याबाहेर. हिरवी किंवा तपकिरी बाटली इथे उत्तम, कारण उजेड कमी पोहोचला की शेवाळ कमी धरतं. पाणी आठवड्याला बदला. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डास अंडी घालतात आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. बाटलीच्या तोंडात फांदीभोवती थोडा कापूस लावला तर तेही टळतं. मुळं भरपूर वाढली की निमुळत्या गळ्यातून बाहेर येत नाहीत, म्हणून कुंडीत लावायचं असेल तर बोटभर झाली की काढा.

आणि पाणी भरलेली पारदर्शक, गोल बाटली थेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. ती भिंगासारखी ऊन एका जागी गोळा करते, आणि मागे पडदा असेल तर तो पेटू शकतो.