रिटायर झाल्यावर पैसे कुठल्या वयापर्यंत पुरतील, ते वहीत कसं काढायचं

आमच्या वडिलांना २००४ साली कारखान्यातनं हिशोब मिळाला तेव्हा हातात ३ लाख ८० हजार आले, त्यातनं वरचा स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं, आणि चौदा महिन्यांनी आई कडक भाकऱ्या करून दुकानात द्यायला लागली. घर होतं, वर खोली होती, गल्लीतले लोक म्हणायचे यांचं बरं चाललंय. पहाटे साडेचारला स्टोव्हचा आवाज यायचा तो मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, हा हिशोब एकदा बसून कराच, दोन तास लागतात, कॉम्प्युटर नसला तरी चालतं, एक वही आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर बास.

उदाहरणाला एक घर धरू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला सुपरवायझर, वय ४६, बायको ४२, दोन पोरं शिकतायत, जुळे सोलापुरात स्वतःचं घर, घरावर कर्ज.

पहिल्या पानावर फक्त मोडून खाता येईल तेवढंच लिहायचं. पीएफ ९ लाख, बँकेतली एफडी ४ लाख, पीपीएफ साडेतीन लाख, म्युच्युअल फंड २ लाख २० हजार, बाकी किरकोळ १ लाख ३० हजार, झाले २० लाख. इथंच सगळे चुकतात म्हणून जरा थांबून सांगतो. एलआयसीची पॉलिसी असेल तर पाच लाखाची पॉलिसी म्हणून पाच लाख लिहू नका, आज बंद केली तर हातात काय येईल ती सरेंडरची रक्कम लिहा, ऑफिसात जाऊन विचारा, सांगतात. भिशी अजून उचलली नसेल तर भरलेले हप्ते तुमचे, पण उचलून झाली असेल तर राहिलेले हप्ते हे देणं झालं, ते कर्जाच्या बाजूला जातं, हे मी कितीतरी शिकलेल्या माणसांच्या वहीत उलटं बघितलंय. पाहुण्यांना दिलेले उसने पैसे तीन वर्षांत आले नसतील तर शून्य धरा आणि मन शांत ठेवा. पतसंस्थेतली ठेव वेगळ्या रंगाच्या पेनानं लिहा, कारण बँक बुडली तर, अगदी सहकारी बँक असली तरी, ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नसतो.

दुसऱ्या पानावर घर, सोनं, शेत. घर समजा ४५ लाखाचं. सोनं मोडीच्या भावानं लिहायचं, घडणावळ परत मिळत नाही, आणि आधी बायकोला विचारायचं की वेळ आली तर हे मोडणार का, नाही म्हणाली तर ते आकड्यात धरायचंच नाही, उदाहरणात मी धरलेलं नाही. गावाकडची दोन एकर भावाभावांत असेल तर सातबाऱ्यावर तुमचं नाव लागून वाटणी होईपर्यंत तिथं नुसती रेघ मारा.

तिसऱ्या पानावर देणं. घरकर्जाची बाकी स्टेटमेंटवरची, १० लाख ८० हजार, सोनेतारण आणि गाडीचं मिळून १ लाख २० हजार, एकूण १२ लाख.

आता वजाबाकी. सगळं मिळून ६५ लाख, वजा १२, म्हणजे नेट वर्थ ५३ लाख. ऐकायला छान वाटतं. पण घर बाजूला काढून फक्त पहिल्या पानातनं देणं वजा केलं तर उरतात ८ लाख. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि दोन्ही वहीत एकाखाली एक लिहायचे. राहतं घर भाडं वाचवतं हे मान्य, पण भाजीवाल्याला भिंतीची वीट देता येत नाही.

आता पुढचा अंदाज. आजचा घरखर्च लिहा, त्यातनं कर्जाचा हप्ता आणि पोरांची फी काढा, कारण ५८ ला रिटायर होईपर्यंत दोन्ही संपलेलं असेल असं धरतोय. राहिले समजा महिना ३०,०००. महागाई ६ टक्के धरली तर ७२ ला ६ नं भागायचं (दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते काढायची ही सोपी रीत), १२ आलं, म्हणजे बारा वर्षांत खर्च दुप्पट. ५८ व्या वर्षी तीच डाळ, तेच लाईटबिल, महिना ६०,०००, वर्षाला ७ लाख २० हजार. औषधाचा खर्च यात वाढीव धरलेलाच नाही.

जमेच्या बाजूला आजचे २० लाख सरासरी ७ टक्क्यांनी बारा वर्षांत ४५ लाख होतात, आणि दर महिना १५,००० टाकत राहिलं, दोन्ही बाजूचा पीएफ धरून, तर त्याचे साधारण ३२ लाख. एकूण ७७ लाख. खुश व्हायच्या आधी एक ओळ पेन्शनची लिहा. ईपीएस म्हणजे पीएफ खात्याकडनं मिळणारी पेन्शन, तिचं सूत्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० असं आहे आणि पगार १५,००० च्या वर धरत नाहीत, त्यामुळं तीस वर्षं नोकरी झाली तरी साडेसहा हजाराच्या आसपास येते आणि ती महागाईबरोबर वाढत नाही. नवऱ्यामागं बायकोला त्याच्या निम्मी.

आता प्रत्येक वर्षाची एक ओळ टाका: सुरुवातीची शिल्लक, वजा त्या वर्षाचा खर्च, अधिक पेन्शन, उरलेल्यावर ७ टक्के. पुढच्या ओळीला खर्च ६ टक्क्यांनी वाढवायचा. कंटाळा येतो पण हेच मेन काम आहे, ते दुसऱ्याकडनं करून घेऊ नका. या घराचं असं येतं: ६२ व्या वर्षी ६७ लाख, ६५ ला ५२ लाख, ६८ ला २७ लाख, ७० ला साडेतीन लाखाच्या आत. म्हणजे सत्तरीत तीन महिन्याचा पण खर्च नाही आणि बायको तेव्हा ६६ ची. बायका जास्त जगतात, म्हणून मी वही तिच्या ८५ वर्षांपर्यंत आखतो, स्वतःच्या नाही. मी ही ओळ पहिल्यांदा काढली तेव्हा बायको शेजारी बसून शेंगा सोलत होती, तिनं आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "मग इथून पुढं मी काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

घाबरून वही बंद करायची नाही, आता एकेक गोष्ट बदलून परत ओळी काढायच्या. पगार वाढेल तशी बचत दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवली, म्हणजे पुढच्या वर्षी १५ च्या जागी साडेसोळा हजार, तर ५८ ला ७७ च्या जागी ९८ लाख होतात आणि पैसे साडेतीन वर्षं जास्त टिकतात. त्यात वरची खोली भाड्यानं दिली, आजच्या हिशोबानं ६,००० भाडं आणि तेही महागाईबरोबर वाढतंय असं धरलं, तर ७८ पर्यंत जातं. दुसऱ्या पानावरचं घर पहिल्या पानावर आणायचा हा एकच साधा रस्ता मला माहितीय. ५८ ला घरी बसायच्या ऐवजी दोन वर्षं पार्टटाईम हिशोबनीस म्हणून काढली तर त्या दोन वर्षांत काढणं थांबतं, ते पण टाकून बघा. ग्रॅच्युइटी मात्र शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावरच धरा, हातात येणाऱ्या पगारावर नको: तो पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं.

रिटायर झाल्यावर बरेच जण सगळे पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकतात. योजना चांगलीच आहे, एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख झाली, आणि ८.२ टक्क्यांनी तीन महिन्याला ६१,५०० येतात. पण पाच वर्षं तेवढेच येतात आणि तेल, औषध तोपर्यंत थांबत नाही, शिवाय व्याजावर टॅक्स आहेच. म्हणून थोडा भाग म्युच्युअल फंडासारख्या वाढत्या ठिकाणी राहू द्या, किती ते तुमच्या झोपेवर ठरवा.

वही वर्षातनं एकदा, आम्ही जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा संपली की त्या रविवारी काढतो, त्यामुळं विसरत नाही. शेवटच्या पानावर कुठल्या बँकेत काय आहे, नॉमिनी कोण, पीएफचा नंबर, पॉलिसी कुठल्या पिशवीत, एवढं लिहितो. ते पान आता बायकोच्या अक्षरात आहे, तिला न विचारता सापडलं पाहिजे म्हणून.