चिरेखाणीला नोटीस आली तर काय करावे: खाणमालक, जमीनमालक आणि डंपरवाल्यांसाठी

कोकणात घर बांधायचे तर जांभा चिरा लागतोच. तो राजापूर-लांज्यापासून देवगड-मालवणपर्यंतच्या सड्यांवरून, म्हणजे कातळाच्या पठारांवरून येतो. एका छोट्या चिरेखाणीवर तीन कायद्यांची नजर असते: जमीन आणि पर्यावरणाचा, कामगारांच्या सुरक्षेचा आणि वाहतुकीचा. तिन्हींची कार्यालये वेगळी, कागद वेगळे, मुदतीही वेगळ्या.

नोटीस हातात पडली की माणूस वकिलाकडे धावतो, नाहीतर 'आपल्या ओळखीचा एक जण आहे' म्हणत तालुक्याला जातो. पण तोवर मोजणी झालेली असते आणि पंचनाम्यावर सह्याही झालेल्या असतात. बचावाचे निम्मे काम त्याआधीच करून ठेवायला हवे. ते कसे, हे इथे सांगतो. ज्यांच्याकडे परवानगी आहे आणि ज्यांना सरळ धंदा करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विनापरवाना खोदणाऱ्याला यातले काहीच वाचवणार नाही.

आधी जागा तपासा

सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. मुंबईत राहणाऱ्या चुलत्याची सही 'नंतर घेऊ' म्हणून सोडली की पुढची पहिली तक्रार बहुतेक त्याच घरातून येते.

चिरा कायद्याच्या भाषेत गौण खनिज आहे. त्याची परवानगी २०१३ च्या महाराष्ट्र गौण खनिज नियमांखाली मिळते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्टेही पर्यावरण अनुमतीच्या कक्षेत आणले. अनुमतीच्या अटी पुष्कळ जण वाचतच नाहीत, कागद कपाटात जातो. त्या मराठीत लिहून काढा आणि प्रत्येक अटीपुढे 'कोण करणार, कधी करणार' असे टिपून ठेवा. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. ही तारीख चुकली की पुढच्या चौकशीत तोच पहिला मुद्दा होतो.

गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे का, तेही पाहा. केंद्राने १३ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेल्या निर्देशांत त्या क्षेत्रात नवे खाणकाम आणि दगडखाणींना मनाई आहे, आणि ३१ जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेतही तीच भूमिका कायम आहे.

सड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आणखी एक गोष्ट मनापासून करावी, असे मला वाटते. मशीन लावण्याआधी कातळ झाडून, चालून पाहा. बारसू, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी इथली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि आजूबाजूच्या सड्यांवर अजूनही नवी सापडतात. कातळावर कोरलेल्या रेषा दिसल्या तर तिथेच थांबा, फोटो काढा आणि तहसीलदार व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. करवतीखाली गेलेले शिल्प कुठलाही दंड भरून परत येत नाही.

पहिल्या दिवसाची मोजणी

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. बरेचसे दंड इथेच ठरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समजा, तुम्ही घेतलेल्या जागेत आधीच्या माणसाने काढलेला जुना खड्डा आहे: ४० फूट लांब, ३० फूट रुंद, ६ फूट खोल. तुम्ही तोच आणखी ४ फूट खाली नेला. तुमचे उत्खनन ४,८०० घनफूट, म्हणजे १०० घनफुटांचा एक ब्रास धरून ४८ ब्रास. तेवढी रॉयल्टी तुम्ही भरली. दोन वर्षांनी महसूल खात्याचे पथक आले आणि खड्डा मोजला, तर तो १० फूट खोल भरला. हिशेब झाला १२,००० घनफूट, १२० ब्रास. त्यातून ४८ वजा जाता ७२ ब्रास 'अवैध' ठरले.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार अशा खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. न खोदलेल्या ७२ ब्रासचा दंड, आणि 'तो खड्डा जुना होता' याला तुमच्या शब्दापलीकडे पुरावा नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणी यंत्राने जागेची मोजणी करून घ्या. चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, जुन्या खड्ड्यांची लांबी-रुंदी-खोली आणि तारीख असलेला नकाशा तयार करा. फोटो आणि व्हिडिओ काढा. मग तो नकाशा अर्जाला जोडून तहसील कार्यालयात द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. नकाशा तुमच्या कपाटातच राहिला तर त्याला फारसे वजन नाही. काम सुरू होण्याआधी सरकारी दप्तरी पोहोचलेला नकाशा मात्र नाकारणे कठीण जाते. हद्दीवर पक्के, रंगवलेले दगड रोवा. मशीनच्या चालकाला आणि मुकादमाला ते स्वतः चालून दाखवा.

पावसाळ्याआधी खाण बंद करताना पुन्हा एकदा मोजणी करा. खराब निघालेला चिरा आणि भुगा कुठे टाकला, त्याचा ढीग केवढा, हेही त्यात येऊ द्या. खड्ड्याचे आकारमान आणि विकलेला माल यांत जी तफावत दिसते, तिचा मोठा भाग त्या ढिगातच असतो.

रोजची वही

रोज संध्याकाळी एक ओळ लिहायची: किती चिरा निघाला, किती गाड्या गेल्या, वाहतूक पासचे क्रमांक, किती कामगार हजर होते, मशीन बंद पडली असल्यास कधीपासून कधीपर्यंत. खाली मुकादमाची सही. नोटीस आल्यावर एका बसणीत, एकाच शाईने लिहिलेली वही ओळखू येते. तिच्यामुळे खरे कागदही संशयात येतात आणि खोटा दस्त केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येऊ शकतो. वही नसेल तर 'नाही' असे सांगा आणि आजपासून सुरू करा.

कामगारांची सुरक्षा

१९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ३ मध्ये जांभ्याचे नाव घेऊन सवलत दिलेली होती: उघड्या खाणीची खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे नकोत आणि स्फोटके वापरायची नाहीत. तिन्ही अटी पाळल्या तर कायद्याची बरीच कलमे लागू होत नसत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. तुमच्या खाणीला आता नेमके काय लागू आहे, हे कामगार कायदा पाहणाऱ्या सल्लागाराकडून लेखी घ्या. ६ मीटरची खूण खाणीच्या भिंतीवर रंगवून ठेवणे मात्र आजही शहाणपणाचे आहे.

प्रत्यक्षात माणसे जखमी होतात ती करवतीच्या पात्याने, ओल्या कातळावर पसरलेल्या केबलच्या शॉकने आणि कडेवरून सुटलेल्या चिऱ्याने. पात्यावर गार्ड, वीजजोडणीला अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), पायात बूट, तोंडाला मास्क. कामगार कर्नाटकातून आलेले असतील तर सूचना कानडीतही लावा. दिलेल्या साहित्याच्या नोंदीवर त्यांची सही किंवा अंगठा घ्या आणि नेमणूकपत्रे द्या. काम थांबलेल्या खाणीला कुंपण घाला. पावसात ती तळ्यासारखी भरते आणि गावातली पोरे-गुरे तिकडे जातात.

अपघात झाला तर आधी माणूस दवाखान्यात पोचवा. जीव वाचवण्यासाठी आवश्यक तेवढे सोडून जागेवरची कुठलीही वस्तू हलवू नका. संबंधित निरीक्षक आणि पोलिसांना लगेच कळवा. मृत्यू झाल्यास घरच्यांना रोख रक्कम देऊन 'मिटवण्याचा' सल्ला देणारे लोक भेटतात. तो ऐकू नका. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून नियम असा आहे की मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, आणि विधवेच्या हातात ती पूर्ण पोचते की नाही याचीही खात्री नसते.

डंपर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. तीन टन जास्त निघाले तर २६,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. भार मोजायचा तो आरसीवरच्या एकूण वजनाशी. अवकाळी पावसात भिजलेला जांभा पाणी धरतो, म्हणून तेवढ्याच चिऱ्यांची गाडी जड भरते. पावसानंतरची पहिली खेप वजनकाट्यावर नेऊन पावती ठेवा.

वाहतूक पासला वेळेची मर्यादा असते. अणुस्कुऱ्यात किंवा करूळ घाटात गाडी बंद पडली आणि पास संपला, तर पुढच्या नाक्यावर ती 'विनापास' ठरते. चालकाने जागेवरूनच तारीख-वेळ दिसणारा फोटो पाठवावा, मेकॅनिकची पावती घ्यावी आणि तुम्ही तहसील कार्यालयाला लगेच ईमेलने कळवावे. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर दाखवलेले चालतात. रस्त्यावर अपघात झाल्यास जखमीला उपचार मिळवून देणे आणि जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना माहिती देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. गाडी सोडून पळालेल्या चालकाचा बचाव करणे फार अवघड जाते.

पथक खाणीवर आले तर

स्वतः हजर राहा किंवा माहितीतला माणूस पाठवा. वाद घालू नका. मोजणी चालू असताना आपल्या टेपने सोबत मोजा आणि आकडे लिहून घ्या. जुना खड्डा वेगळा दाखवा आणि पोच असलेला नकाशा तिथेच द्या. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही करू नका. आकडे पटत नसतील तर सहीवर लिहा: 'हजर होतो. मोजमाप मान्य नाही. जुने उत्खनन वेगळे मोजलेले नाही.' त्या एका ओळीचा पुढे फार उपयोग होतो.

वाहन जप्त झाले तर ते ४८ तासांत जिल्हाधिकारी किंवा प्राधिकृत उपजिल्हाधिकारी यांच्यापुढे हजर करावे लागते. दंड आणि जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) घेऊन ते सोडण्याचा अधिकार त्यांना आहे.

नोटिशीचे उत्तर

पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा. उत्तराची मुदत तिथून मोजायची. पहिल्याच दिवशी पंचनामा, मोजणी तक्ता आणि तक्रार अर्ज यांच्या प्रती मागणारा अर्ज द्या. प्रती मिळायला उशीर झाला तरी मुदतीत तात्पुरते उत्तर जायलाच हवे, आणि त्यात प्रत्यक्ष सुनावणी मागा.

उत्तर मुद्देनिहाय असावे. 'आम्ही गरीब आहोत, विरोधकांनी सूड उगवला' याने काही साध्य होत नाही. असे लिहा:

'मुद्दा २: सर्व्हे क्रमांक अमुक मध्ये ७२ ब्रास अवैध उत्खनन झाल्याचे म्हणणे मान्य नाही. काम सुरू करण्यापूर्वीची मोजणी आपल्या कार्यालयात आवक क्रमांक अमुकने दाखल आहे (सोबत प्रत). त्यानुसार सदर खड्डा आधीपासून ६ फूट खोल होता. संयुक्त फेरमोजणी व्हावी ही विनंती.'

जे चुकले असेल ते तेवढ्यापुरते मान्य करा आणि कधीपर्यंत दुरुस्त करणार ते लिहा. हद्दीबाहेर खरोखर खोदले असेल तर चतुराईने लिहिलेले उत्तर टिकत नाही. उत्तर प्रत्यक्ष देऊन पोच घ्या किंवा स्पीड पोस्टने पाठवा.

आदेश विरुद्ध गेला तर

आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. तहसीलदारांच्या आदेशावर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील होते, मुदत ६० दिवस. सोबत कलम २५६ खाली स्थगितीचा अर्ज जोडा. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. पर्यावरण अनुमतीशी संबंधित आदेश असेल तर पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे ३० दिवसांत जावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, पण त्यावर विसंबू नका.

जमीनमालकांनो, दंडाचा बोजा तुमच्या सातबाऱ्यावर चढतो, खाण चालवणाऱ्याच्या नव्हे. करारातच दंडाची जबाबदारी कोणाची ते लिहून घ्या. अपील जिंकल्यावरही बोजा आपोआप उतरत नाही. आदेशाची प्रत जोडून तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज द्या आणि नवा सातबारा काढून पाहा.